मालकी बदलली, देणे कोणाचे? : बार्शी लाइट रेल्वेचे हस्तांतरण (१९५४) आणि कामगारांच्या नुकसानभरपाईचा वाद

प्रस्तावना

एखादा उद्योग एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे जातो तेव्हा इमारती, यंत्रे, जमीन आणि हक्क यांची मोजदाद होऊन किंमत ठरते. ती कशी ठरवावी, याची तरतूद बहुधा मूळ करारातच केलेली असते. त्या उद्योगात अनेक वर्षे राबलेल्या माणसांचे काय, हा प्रश्न मात्र करारात क्वचितच लिहिलेला आढळतो. जुन्या मालकाच्या दृष्टीने त्यांची नोकरी संपलेली असते, तर नव्या मालकाच्या दृष्टीने ती नव्याने सुरू होते. या दोहोंच्या मधल्या फटीत जे देणे निर्माण होते ते कोणी द्यावे, यावरून स्वातंत्र्योत्तर काळातील पहिला मोठा न्यायालयीन वाद महाराष्ट्रातील एका अरुंदमापी रेल्वेच्या निमित्ताने उभा राहिला. १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिलेले बार्शी लाइट रेल्वेचे हे प्रकरण कामगार कायद्याच्या विद्यार्थ्यांना कपातीच्या व्याख्येपुरते परिचित असते. त्यामागील इतिहासाकडे मात्र फारसे लक्ष दिले गेलेले नाही. प्रस्तुत लेखात या प्रकरणाची पार्श्वभूमी, त्यातील वादाचे स्वरूप व परिणाम यांचा विचार केला असून, त्याच दशकात चांदा जिल्ह्याच्या वनप्रदेशात मालकीबदलातून उद्भवलेल्या वादांशी त्याची तुलना केली आहे.

बार्शी लाइट रेल्वे : उभारणी आणि करार

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बार्शी ही कापूस व तेलबियांची मोठी बाजारपेठ होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग मात्र बार्शीपासून वीसेक मैल दूर, आजच्या कुर्डूवाडीजवळून गेलेला होता. हा टप्पा बैलगाड्यांवर अवलंबून होता. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने तेथे अडीच फूट रुंदीचा हलका मार्ग टाकण्याची योजना मांडली आणि त्यासाठी इंग्लंडमध्ये कंपनी स्थापन झाली. १ ऑगस्ट १८९५ रोजी भारतमंत्री आणि ही कंपनी यांच्यात करार झाला व १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी हा पहिला टप्पा वाहतुकीस खुला झाला. प्रत्येक आसावरील भार पाच टनांच्या मर्यादेत ठेवून मालडबे कसे बांधावेत, याचा जो प्रयोग कॅल्थ्रॉपने येथे केला, त्याची दखल जगभरच्या अरुंदमापी रेल्वेबांधणीत घेतली गेली. पुढे १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये निजामाच्या राज्यातील लातूर आणि १९२७ मध्ये मिरज असा विस्तार होऊन मार्गाची एकूण लांबी सुमारे २०२ मैल झाली. मालवाहतुकीखेरीज पंढरीच्या वारीची प्रवासी वाहतूक हा कंपनीच्या उत्पन्नाचा एक भरवशाचा भाग होता.

१८९५ च्या करारातील एक कलम येथे महत्त्वाचे आहे. किमान बारा महिन्यांची लेखी पूर्वसूचना देऊन सरकारला हा उद्योग विकत घेऊन ताब्यात घेण्याचा अधिकार त्यान्वये होता. अशी कलमे त्या काळच्या बहुतेक रेल्वे करारांत असत. भांडवल खासगी, व्यवस्थापन खासगी. पण अंतिम मालकीचा दरवाजा सरकारसाठी उघडा, असे हे धोरण होते. याच पद्धतीने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे व्यवस्थापन १९२५ मध्ये आणि इतर मोठ्या रेल्वेंचे १९४० च्या दशकात सरकारकडे आले. (विदर्भातील यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही ‘शकुंतला’ मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीसही खासगी कंपनीच्याच मालकीची राहिली होती, हे या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे.) करारात कंपनी होती आणि सरकार होते. स्टेशनमास्तर, फायरमन, गँगमन वा कारखान्यातील फिटर हे त्याचे पक्षकार नव्हते आणि १८९५ मध्ये तसे कोणाच्या मनातही आले नसणार.

नोटीस ते निवाडा

१९ डिसेंबर १९५२ रोजी राष्ट्रपतींच्या वतीने रेल्वे बोर्डाने कंपनीस नोटीस दिली की, १ जानेवारी १९५४ पासून हा उद्योग सरकार विकत घेऊन ताब्यात घेईल. जवळजवळ अकरा महिन्यांनी, ११ नोव्हेंबर १९५३ रोजी, कंपनीने आपल्या सर्व कामगारांस नोटीस बजावली. सरकारने करार संपुष्टात आणल्यामुळे ३१ डिसेंबर १९५३ च्या दुपारनंतर सर्वांची सेवा समाप्त होईल, असे तीत म्हटले होते. जे कामगार नव्या व्यवस्थापनाखाली काम करण्यास तयार असतील त्यांना सरकार कामावर घेऊ इच्छिते, त्याच्या अटी पुढे कळविल्या जातील, असेही त्याच नोटिशीत नमूद होते.

या दोन तारखांच्या मध्ये एक तिसरी तारीख येते. औद्योगिक विवाद अधिनियमातील दुरुस्ती २४ ऑक्टोबर १९५३ पासून अमलात आली होती. कापड गिरण्यांतील साठलेला माल आणि त्यातून उद्भवलेली कामबंदी हे या दुरुस्तीचे तात्कालिक कारण होते. तिने ‘कपात’ या संज्ञेची प्रथमच वैधानिक व्याख्या केली. शिस्तभंगाची शिक्षा म्हणून नव्हे, तर अन्य कोणत्याही कारणाने मालकाने कामगाराची सेवा समाप्त करणे म्हणजे कपात, असा त्या व्याख्येचा गाभा होता. स्वेच्छानिवृत्ती, नियत वयोमानानुसार निवृत्ती आणि दीर्घ आजार एवढेच अपवाद होते. कलम २५-एफ अन्वये अशा कामगारास एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून देणे बंधनकारक झाले. म्हणजे कंपनीने सेवासमाप्तीची नोटीस काढली तेव्हा हा कायदा अवघा अठरा दिवसांचा होता.

रक्कम किरकोळ नव्हती. उदाहरणादाखल हिशेब केला तर, तीस वर्षे नोकरी झालेल्या कामगारास साडेचारशे दिवसांचे, म्हणजे पंधरा महिन्यांचे वेतन मिळावयास हवे होते. मिरजेचा मार्ग सुरू होतानाच्या सुमारास कामास लागलेला माणूस १९५३ मध्ये सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या नोकरीचा झाला होता. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या अशा माणसाच्या दृष्टीने ही आयुष्यातली कदाचित सर्वांत मोठी एकरकमी प्राप्ती ठरली असती.

१ जानेवारी १९५४ रोजी रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. कंपनीच्या वतीने न्यायालयात सांगण्यात आले त्याप्रमाणे सुमारे ७७ टक्के कर्मचाऱ्यांना पूर्वीच्याच वेतनश्रेणीवर आणि सुमारे २३ टक्के कर्मचाऱ्यांना काहीशा कमी वेतनश्रेणीवर सरकारने कामावर घेतले. नव्या व्यवस्थापनाखाली नोकरी नाकारणारे केवळ चोवीसच्या आसपास होते. वादाची खरी गुंतागुंत या आकड्यांतच आहे. बहुसंख्यांचा एक दिवसही खाडा झाला नव्हता, गाड्याही धावतच होत्या. तथापि, सेवा समाप्त झाल्याचे कंपनीने स्वतः लिहून दिले होते आणि नव्या कायद्याचे शब्द ‘कोणत्याही कारणाने’ असे होते.

कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष के. एन. जोगळेकर यांच्या पुढाकाराने कपातीच्या भरपाईची मागणी झाली व ती वेतन प्रदान अधिनियमाखालील प्राधिकाऱ्यापुढे गेली. तेथून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोचले. उच्च न्यायालयाने कामगारांच्या बाजूने कौल दिला. कायद्याच्या शब्दांचा सरळ अर्थ घेतला तर तो कौल अपरिहार्यच होता. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. बडोद्याच्या श्री दिनेश मिल्सच्या बंद पडण्यावरून उद्भवलेले ‘हरिप्रसाद शिवशंकर शुक्ल विरुद्ध ए. डी. दिवेलकर’ हे अपीलही त्याबरोबर चालविण्यात आले आणि २७ नोव्हेंबर १९५६ रोजी घटनापीठाच्या वतीने न्यायमूर्ती एस. के. दास यांनी निर्णय दिला.

न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय फिरविला. कपात म्हणजे चालू उद्योगातील अतिरिक्त मनुष्यबळ कमी करणे, हाच त्या शब्दाचा रूढ अर्थ असून, ‘कोणत्याही कारणाने’ हे शब्द त्या अर्थाची चौकट मोडत नाहीत, असे न्यायालयाचे मत पडले. अतिरिक्त ठरविण्याचे कारण कोणतेही असू शकेल. परंतु उद्योगच संपला तर अतिरिक्त कोण, हा प्रश्नच उरत नाही. यासाठी न्यायालयाने अधिनियमातील शेजारच्या कलमांचा आधार घेतला. कलम २५-जी नुसार शेवटी आलेल्यास प्रथम कमी करावयाचे असते. सर्वांनाच एकाच दिवशी कमी केले तर या क्रमाला काय अर्थ? कलम २५-एच नुसार पुन्हा भरती करताना कपात झालेल्यांना प्राधान्य द्यावयाचे असते. ज्याच्याकडे उद्योगच राहिला नाही तो मालक पुन्हा भरती कशी करणार? एका महिन्यापूर्वीच पिपराइच साखर कारखान्याच्या प्रकरणात न्यायालयाने असाच सूर लावला होता.

हा युक्तिवाद तर्कदृष्ट्या बळकट आहे, हे मान्य करावे लागेल. मात्र तो गिरणी बंद पडण्याच्या प्रकरणास जितका चपखल बसतो तितका बार्शीच्या प्रकरणास बसत नाही. दिनेश मिल्सच्या कामगारांपुढे बंद दरवाजा होता. बार्शीचा उद्योग बंद झालाच नव्हता. त्याच रुळांवर, त्याच इंजिनांनी, बहुतांशी त्याच माणसांच्या हातून तो दुसऱ्या दिवशीही चालू होता. संपली होती ती कंपनीची मालकी. न्यायालयाने उद्योगाकडे मालकाच्या बाजूने पाहिले, म्हणून कंपनीपुरता उद्योग ‘संपला’ असे मानता आले. उद्योग म्हणजे मालक की उद्योग म्हणजे चालणारे काम, या दोन कल्पनांतील हा भेद निकालपत्रात पुरेसा उलगडलेला नाही. शिवाय कमी वेतनश्रेणीवर घेतलेले २३ टक्के आणि नोकरी न स्वीकारलेले थोडे लोक यांचे नुकसान प्रत्यक्ष होते. त्यांना बहुसंख्यांच्या बरोबर एकाच मापाने मोजले गेले.

२८ नोव्हेंबर १९५६

या निर्णयाची प्रतिक्रिया संसदेत लवकरच उमटली. गिरण्या बंद करणारे वा विकणारे मालक आता भरपाईतून पूर्णपणे सुटतील, हे उघड झाले होते. एप्रिल १९५७ मध्ये अध्यादेश निघाला व नंतर १९५७ चा अधिनियम १८ संमत होऊन कलम २५-एफएफ नव्या स्वरूपात आणि कलम २५-एफएफएफ प्रथमच दाखल झाले. पहिले उद्योगाच्या हस्तांतरणासंबंधी, तर दुसरे उद्योग बंद करण्यासंबंधी होते. हस्तांतरण झाल्यास कामगारांना ‘जणू कपात झाली आहे’ असे समजून भरपाई द्यावी, असे तत्त्व स्वीकारण्यात आले. तीन अटी पूर्ण होत असल्यासच जुना मालक या देण्यातून सुटे : नोकरीत खंड पडलेला नसावा, नव्या मालकाकडील सेवाशर्ती पूर्वीपेक्षा कमी लाभदायक नसाव्यात, आणि पुढे कधी कपात झालीच तर जुनी सेवाही धरून भरपाई देण्याची जबाबदारी नव्या मालकाने घेतलेली असावी.

या तीन अटी वाचताना बार्शीचे प्रकरण डोळ्यांपुढे ठेवूनच त्या लिहिल्या गेल्या असाव्यात, असे वाटल्यावाचून राहत नाही. ७७ टक्के कामगारांच्या बाबतीत पहिल्या दोन अटी बऱ्याच अंशी पूर्ण होत होत्या. कमी वेतनश्रेणीवर गेलेल्या २३ टक्क्यांच्या बाबतीत दुसरी अट सरळसरळ मोडत होती. त्यांना हा कायदा लागू असता तर भरपाईचा त्यांचा दावा नाकारणे कंपनीस अवघड गेले असते. तथापि, नवी कलमे पूर्वलक्षी प्रभावाने लागू झाली ती २८ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून. ज्यांच्या वादामुळे कायदा बदलला त्यांना त्या बदलाचा लाभ मिळण्याची वाट तारखेनेच बंद केली. निकालात कंपनीच्या बाजूने ठरलेले हक्क मागे जाऊन काढून घेऊ नयेत, ही विधिमंडळीय सावधगिरी समजण्यासारखी आहे. पण तिची किंमत कोणी मोजली हेही इतिहासात नोंदविले पाहिजे. नव्या कलमांना उद्योजकांनी आव्हान दिले, ते १९६० मध्ये हठीसिंग मॅन्युफॅक्चरिंग कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले.

१९६२ मध्ये अनकापल्ली येथील सहकारी संस्थेच्या प्रकरणात न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी कलम २५-एफएफ चा अर्थ स्पष्ट केला. हस्तांतरणामुळे सेवा संपलेल्या कामगाराने भरपाई जुन्या मालकाकडून घ्यावयाची. नव्या मालकाने आपल्याला कामावर घ्यावेच, असाही दावा त्याच वेळी करता येणार नाही. दुहेरी लाभ नको, हे सूत्र येथे प्रस्थापित झाले. ‘कोणत्याही कारणाने’ या शब्दांचा वाद मात्र यानंतरही मिटला नाही. १९७६ मध्ये सुंदरमणी प्रकरणात न्यायालयाने त्यांचा शब्दशः अर्थ घेतला आणि १९९० मध्ये पंजाब लँड डेव्हलपमेंट प्रकरणात घटनापीठाने त्यास पुष्टी दिली. १९५६ चा निर्णय उद्योग बंद होणे वा हस्तांतरित होणे एवढ्यापुरताच मर्यादित समजावा, असे ठरले.

चांदा जिल्ह्यातील समांतर वाद

बार्शीचे कामगार न्यायालयात होते त्याच काळात सावली, गडचिरोली, अहेरी या परिसरात याहून कितीतरी मोठा मालकीबदल घडत होता. (गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला, तोवर हा सारा प्रदेश चांदा जिल्ह्यात होता.) मध्य प्रदेश विधानसभेने ५ एप्रिल १९५० रोजी मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा संमत केला आणि ३१ मार्च १९५१ या एका दिवशी जमीनदाऱ्या व मालगुजाऱ्या राज्याकडे निहित झाल्या. त्यांत जंगल, झाडे, तलाव, बाजार, घाट, सर्व काही आले. आजही या भागात ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जाणारे माजी मालगुजारी तलाव ही त्याच दिवसाची खूण होय. अडीच हजार चौरस मैलांहून विस्तृत अशा अहेरी जमीनदारीचे विश्वेश्वरराव यांनी या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. अहेरीखेरीज गडचिरोली तहसिलीतील ऐंशी मालगुजारी गावेही त्यांच्याकडे होती. मे १९५२ मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरविला.

मालकांचा प्रश्न येथे सुटला, पण मालकांशी करार केलेल्यांचा सुटला नाही. तेंदूपाने तोडणे, लाख घेणे, बांबू व इमारती लाकूड तोडणे यांचे ठेके जमीनदार व मालगुजार अनेक वर्षांसाठी देत आणि रक्कम बहुधा आधी घेत. निर्मूलनाची चाहूल लागल्यावर असे करार वाढतील हे ओळखून १६ मार्च १९५० नंतरची हस्तांतरणे कायद्याने निरर्थक ठरविली होती. त्याआधीच्या करारांचे काय? बिडी उद्योगातील छोटाभाई जेठाभाई पटेल आणि कंपनीच्या प्रकरणात डिसेंबर १९५२ मध्ये न्यायालयाने ठेकेदारांच्या बाजूने निर्णय दिला. पाने किंवा लाकूड घेण्याचा हा केवळ माल-खरेदीचा करार आहे, मालकी हक्काचा भाग नव्हे, म्हणून राज्याने त्यात हस्तक्षेप करू नये, असे त्याचे तात्पर्य होते.

सहा वर्षांत हे चित्र पालटले. भंडारा जिल्ह्यातील शांताबाई प्रकरणात १९४८ मध्ये २६ हजार रुपयांस घेतलेला, १९६० पर्यंतचा लाकूड व बांबूचा हक्क वादात होता. मार्च १९५८ मध्ये न्यायालयाने जी भूमिका घेतली ती ठेकेदारांस कात्रीत पकडणारी होती. हक्क मालमत्तेचा असेल, तर नोंदणीकृत दस्त हवा. तो केवळ करार असेल, तर राज्य त्या कराराचा पक्षकार नाही. नागपूरच्या उच्च न्यायालयातून दिल्लीस गेलेले न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात ‘झाड’ आणि ‘उभे इमारती लाकूड’ यांतील कायदेशीर भेदाची जी चिकित्सा केली, ती मालमत्ता कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत अजून दिली जाते. १९५९ मध्ये महादेव प्रकरणात, नागपूरशीच दीर्घ संबंध असलेल्या न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी दीर्घ मुदतीचे तेंदूपानांचे करार राज्यावर बंधनकारक नसल्याचे सांगितले आणि १९६२ च्या याकिनुद्दीन प्रकरणानंतर छोटाभाई निर्णयाचा आधार संपला. ठेकेदाराने दिलेले पैसे परत मागावयाचे तर ते माजी मालगुजाराकडे, तेही दिवाणी दाव्याने.

रेल्वे आणि जंगल या दोन्ही वादांत न्यायालयाची विचारपद्धती एकच दिसते : नवा मालक जुन्या मालकाच्या शब्दाने बांधला जात नाही. फरक पडला तो पुढे. कामगारांसाठी संसदेने सहा महिन्यांच्या आत तरतूद केली. वन ठेकेदारांसाठी तशी कोणी केली नाही आणि करण्याची गरजही कोणास वाटली नसावी. बिडी कारखानदाराचे नुकसान आणि तीस वर्षे राबलेल्या गँगमनचे नुकसान यांत राज्यसंस्थेने केलेला हा भेद समर्थनीयच म्हटला पाहिजे. मात्र जंगलातील खरे श्रमिक, म्हणजे पाने तोडून पुडे बांधणारी गोंड, माडिया व इतर कुटुंबे, या निकालपत्रांत कोठेच दिसत नाहीत. त्यांना मोबदला देणारा हात मालगुजाराच्या ठेकेदाराचा होता. १९५१ नंतर तो राज्याच्या ठेकेदाराचा झाला. मोसमी मजुरीला सेवेची ‘पूर्ण वर्षे’ नसल्याने कलम २५-एफएफ त्यांच्यापर्यंत पोचण्याचा प्रश्नच नव्हता.

कोळसा खाणी, १९७३

याच जिल्ह्यात पुढचा मोठा मालकीबदल झाला तो कोळसा खाणींचा. बल्लारपूर, घुग्घुस, चंद्रपूर परिसरातील खासगी खाणींचे व्यवस्थापन जानेवारी १९७३ च्या अखेरीस सरकारने हाती घेतले आणि १ मे १९७३ पासून त्या राष्ट्रीयीकृत झाल्या. १९७५ मध्ये नागपूर मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी आकारास आली. येथे १९५४ ची संदिग्धता ठेवलेली नव्हती. नियत दिवसापूर्वीचे सर्व देणे जुन्या मालकाचेच राहील, ते केंद्र सरकारकडून वा सरकारी कंपनीकडून वसूल करता येणार नाही, असे २०१८ मध्ये रद्द झालेल्या अधिनियमाच्या कलम ७ मध्ये नमूद होते. तर खाणीतील कामगार त्या दिवसापासून नव्या मालकाचे कर्मचारी होतील, अशी तरतूद कलम १४ मध्ये होती. मालकांना द्यावयाची रक्कम खाणनिहाय अनुसूचीत छापली गेली आणि ती वाटण्यासाठी प्रदान आयुक्त नेमण्यात आले. जुन्या मालकाकडून येणे असलेल्यांनी आपले दावे या आयुक्तांपुढे मांडावयाचे होते आणि त्यांत भविष्यनिर्वाह निधीसारख्या कामगारविषयक थकबाकीला इतर असुरक्षित कर्जांच्या आधीचे स्थान देण्यात आले. बार्शीच्या कामगारांना असा आयुक्तही नव्हता आणि असा क्रमही नव्हता.

औद्योगिक विवाद अधिनियमाची जागा आता औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. हस्तांतरणाच्या वेळी द्यावयाच्या भरपाईची तरतूद, तिच्या तीन अपवादांसह, या संहितेतही आहे. बार्शी लाइटचे रूळ मात्र राहिले नाहीत. २००१ ते २०१० या काळात पंढरपूर, लातूर व मिरज हे तिन्ही मार्ग टप्प्याटप्प्याने रुंदमापी झाले.